पट्ट्यांची नक्कल आणि निघतानाची घाई

"सर, सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, तिथलं दिवाणजीचं काम मी बघते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर भाच्यानं लिनक्स मिंट घालून दिलंय, सिनॅमन का काहीतरी म्हणतो तो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, तोलाई, हमाली सगळं लिब्रेऑफिसमध्ये. निघताना पट्ट्यांचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा हा सासऱ्यांचा नियम. पण सौदे लांबले की उशीर होतो, घरी स्वयंपाक वाट बघत असतो आणि नेमकं तेवढंच राहतं. भाच्यानं नक्कल करणारी छोटी स्क्रिप्ट दिली आहे. हातानं चालवली की बरोबर चालते. मला ती लॉगआऊट केल्यावर आपोआप चालायला हवी. कुणीतरी सांगितलं म्हणून ती ओळ 'बॅश लॉगआऊट' नावाच्या फाईलीत घातली. आठ दिवस झाले, एकदाही चालली नाही. सुरू होताना काय काय चालवायचं त्याची यादी मिंटमध्ये आहे, मग बंद होतानाची का नाही? माझ्यानंतर दीर त्यांच्या खात्यातून बसतात, म्हणून मशीन बंद न करता मी लॉगआऊटच करते.
एक दिवाणजी, सांगली"

ताई,

ओळ तुम्ही बरोबरच लिहिली असणार. ती ज्या दाराशी बसवली आहे त्या दारानं तुम्ही बाहेरच पडत नाही, एवढीच अडचण आहे.

ती फाईल बॅश नावाच्या शेलची, म्हणजे टाईप केलेले हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रामची. बॅश आलं १९८९ मध्ये, आणि त्याच्या आधीच्या सी शेललाही अशीच एक लॉगआऊट फाईल होती. त्या काळी मशीनवर बसायचं म्हणजे काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड टाकून शेलमध्ये शिरायचं, आणि उठायचं म्हणजे शेलमधून बाहेर पडायचं. तेव्हा शेल मिटताना जे चालेल तेच निघताना चालायचं. आता तुम्ही चित्रांच्या डेस्कटॉपवर येता आणि मेनूतून निघून जाता. त्या वाटेवर 'लॉगिन शेल' बंद होण्याचा प्रसंगच येत नाही, मग ती फाईल उघडणार कोण? डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडून बंद केली तरी ती चालत नाही, कारण तो शेल लॉगिन शेल नसतो. खात्री करायची असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि 'एक्झिट' म्हणा. तुमची ओळ तिथं चालेल. कंट्रोल-ऑल्ट-एफ-७ नं परत या. त्या फाईलीत तुमच्या ओळीच्या वर आधीपासूनच दोन-तीन ओळी दिसल्या असतील. उठून गेलेल्या माणसाचं मागच्याला काही दिसू नये म्हणून पडदा पुसायच्या आहेत त्या. त्या राहू द्या, तुमची तेवढी काढून टाका.

यादी का नाही, हा प्रश्न मला आवडला. काही डेस्कटॉपमध्ये ती आहे. एक्सएफसीईच्या ४.१४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये प्रत्येक प्रोग्रामपुढे तो कधी चालवायचा ते निवडता येतं, आणि त्यात लॉगआऊटही आहे. केडीई प्लाझ्मात ऑटोस्टार्टच्या पानावर लॉगआऊटची स्क्रिप्ट जोडायची सोय आहे. सिनॅमनमध्ये नाही, ग्नोममध्ये नाही. माझा अंदाज विचाराल तर, सुरू होताना सगळे गडी हजर असतात, कुणालाही काम सांगता येतं. बंद होताना जो तो आपली पिशवी उचलून निघालेला असतो. त्या गडबडीत 'तेवढं एक काम करून जा' असं म्हणणारी सोय द्यायची म्हणजे ते काम अर्धवट राहिल्याची तक्रारही आपणच ऐकायची.

तुमच्या मिंटवर दोन वाटा आहेत. पहिली मी सांगतो, पण घेऊ नका.

मिंटमध्ये लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम म्हणजे लाइटडीएम. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'सीट'च्या भागात 'सेशन-क्लीनअप-स्क्रिप्ट' अशी एक ओळ घालता येते. कुणाचंही सेशन संपलं की तिथं लिहिलेली स्क्रिप्ट चालते. ग्नोमवाल्या उबुंटूत जीडीएम असतो, त्याचं 'पोस्टसेशन' नावाचं फोल्डर हेच काम करतं. सोपं आहे, एका ओळीचं काम. पण ती स्क्रिप्ट तुमच्या नावानं चालत नाही, रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या नावानं चालते, आणि सगळ्यांसाठी चालते. तुम्ही उठलात तरी, दीर उठले तरी.

रूटच्या हातात नक्कल दिली की काय होतं ते मी माझ्याच दुकानात भोगलंय. माझ्या बिलांचा पेनड्राइव्ह लावला की मशीन तो 'मीडिया' फोल्डरात माझ्या नावाखाली, पेनड्राइव्हच्या नावानं दाखवायचं. एका संध्याकाळी पेनड्राइव्ह लावलेला नव्हता. साध्या खात्यातून चाललेली स्क्रिप्ट तिथं अडली असती, कारण त्या जागी फोल्डर करायची परवानगी साध्या खात्याला नसते. रूटला कोण अडवणार? त्यानं पेनड्राइव्हच्या नावाचा फोल्डर मशीनच्या डिस्कवरच तयार केला आणि त्यात नक्कल ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी खरा पेनड्राइव्ह लावला, तर त्याच्या नावाची जागा आधीच भरलेली. मशीननं त्याला नावापुढे १ लावून शेजारी बसवला. माझी स्क्रिप्ट इमानेइतबारे जुन्याच पत्त्यावर लिहीत राहिली. लॉगमध्ये रोज 'नक्कल झाली' अशी नोंद. तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाइकाचं जुनं बिल बघायला पेनड्राइव्ह घरच्या लॅपटॉपला लावला, तर शेवटची फाईल तीन आठवड्यांपूर्वीची. डिस्क गेली असती तर नक्कलही तिच्यासोबतच गेली असती.

तुमच्याही मशीनवर कधी पेनड्राइव्हच्या नावापुढे अचानक १ दिसला, तर हाताशी असेल ते काम सोडा आणि मीडिया फोल्डरात भुताटकी शोधा.

आता दुसरी वाट, जी घ्यायची. मिंटच्या पोटात सिस्टमडी असतं, मशीनवरची कामं सुरू करणारं आणि मिटवणारं. तुम्ही लॉगिन केलंत की ते तुमच्या खात्यापुरता एक मुकादम नेमतं, 'युजर मॅनेजर' म्हणतात त्याला. तुमचं शेवटचं सेशन संपलं की हा मुकादमही हाताखालची सगळी कामं मिटवून जातो. आपण त्याच्याकडे एक असं काम नोंदवायचं की जे सुरू होताना काहीच करत नाही आणि मिटवताना मात्र तुमची स्क्रिप्ट चालवतं.

त्यासाठी एक फाईल करावी लागते. घरच्या फोल्डरात 'डॉट कॉन्फिग', त्यात 'सिस्टमडी', त्यात 'युजर', आणि त्यात 'नक्कल.सर्व्हिस'. या सदरात मी सगळं देवनागरीत देतो, टाईप करताना इंग्रजी अक्षरांत करा. कंसातल्या आणि बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडच्या नावांत इंग्रजी शब्द जिथं नवा सुरू होतो तिथं मोठं अक्षर, बाकी सगळं लहान. भाच्याला हे पान पाठवलंत तर तो बघताक्षणी ओळखेल.

[युनिट]
डिस्क्रिप्शन=पट्ट्यांची नक्कल

[सर्व्हिस]
टाइप=वनशॉट
रिमेनआफ्टरएक्झिट=येस
एक्झेकस्टार्ट=/बिन/ट्रू
एक्झेकस्टॉप=/होम/तुमचं-खातं/नक्कल.एसएच

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=डिफॉल्ट.टार्गेट

'वनशॉट' म्हणजे एकदाच करून मोकळं होणारं काम. 'ट्रू' हा प्रोग्राम काहीच करत नाही, 'झालं' म्हणतो आणि जातो. खरी गोम 'रिमेनआफ्टरएक्झिट'मध्ये आहे. काम संपलं तरी ते अजून चालूच आहे असं समज, असं ती ओळ मुकादमाला सांगते. ती विसरलात तर काम सकाळीच संपलं अशी नोंद होते आणि तुमची स्क्रिप्ट तिथंच, लॉगिन करतानाच चालून मोकळी होते. मग संध्याकाळी मिटवायला काही उरतच नाही. एक्झेकस्टॉपपुढे स्क्रिप्टचा पत्ता मुळापासून पूर्ण द्यायचा.

फाईल झाली की टर्मिनलमध्ये 'सिस्टमसीटीएल'ला 'यूजर' जोडून आधी 'डेमन-रीलोड' म्हणायचं, म्हणजे मुकादम नवी फाईल वाचतो. मग त्याच 'सिस्टमसीटीएल यूजर'ला 'एनेबल' आणि त्याला जोडून 'नाऊ', पुढे नक्कल.सर्व्हिस. (यूजर आणि नाऊ यांच्या आधी दोन आडव्या रेघा येतात.) 'नाऊ' बरेच जण गाळतात आणि मग पहिल्या दिवशी काहीच झालं नाही म्हणून बोंब मारतात. एनेबल म्हणजे उद्यापासून ये. नाऊ म्हणजे आत्ता उभा राहा. जे काम उभंच राहिलं नाही ते मिटणार कसं? आणि याच्या पुढे 'सुडो' लावायचं नाही. सुडो लावलं की तुम्ही रूटच्या मुकादमाशी बोलायला लागता.

एवढ्यानं स्क्रिप्ट लॉगआऊटला चालेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं संपलं. पण तुमच्या दुकानाचं काम संपत नाही.

बघा काय होईल. साडेआठ वाजले, तुम्ही लॉगआऊट केलंत, लॉगिनचा पडदा आला, तुम्ही पेनड्राइव्ह उपटून पर्समध्ये टाकलात आणि निघालात. मुकादम मात्र लगेच उठत नाही. शेवटचं सेशन संपल्यावर तो ठरलेल्या सवयीनं १० सेकंद थांबतो, माणूस लगेच परत आलाच तर सगळं पुन्हा मांडायला नको म्हणून. तुमची नक्कल त्या १० सेकंदांनंतर सुरू होणार. तोवर तुम्ही दुकानाची पायरी उतरलेल्या असाल. स्क्रिप्टला पेनड्राइव्ह सापडणार नाही, आणि ते सांगायला पडद्यावर तुमचं काहीच उरलेलं नसेल.

दिरांचंही बघा. त्यांना मशीन द्यायला तुम्ही कधी लॉगआऊटऐवजी 'स्विच यूजर' केलंत, किंवा नुसता पडदा लॉक केलात, तर ते लॉगआऊट नव्हेच. तुमचं सेशन मागे तसंच उभं राहतं, मुकादमही. मागे एखादा प्रोग्राम रेंगाळत राहून सेशन पुरतं मिटलं नाही तरी तीच गत. भाच्यानं कधी दुसऱ्या कशासाठी तुमच्या खात्याला 'लिंगर' चालू करून ठेवलं असेल, तर मुकादम लॉगआऊटला जागचा हलतच नाही, मशीन बंद होईपर्यंत ठाण मांडून बसतो. त्याला एवढं मात्र विचारून घ्या.

आणि वेळेची मर्यादा असते. सांगलीत राहणाऱ्याला हे कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून सांगता येतं. पाणी ४० फुटांवर आलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. चाळीसला माणूस जनावरं सोडतो, वह्या माळ्यावर टाकतो, कारण अजून वेळ असते. लिनक्समध्येही प्रोग्रामला आधी 'टर्म' नावाचा इशारा जातो. आवरा म्हणून. प्रोग्रामला तो ऐकू येतो, हातातलं संपवून तो निघू शकतो. न निघणाऱ्याला पुढे 'किल' येतो, आणि तो ऐकूच येत नाही, बसल्या जागी उचलला जातो. मिटवण्याच्या कामाला सिस्टमडी साधारण ९० सेकंद देतं. तुमची स्क्रिप्ट तेवढ्यात संपली नाही तर तिलाही आधी इशारा मिळतो आणि मग उचलणं. हळदीच्या हंगामात सबंध वर्षाच्या पट्ट्या आणि त्यात मोबाईलवर काढलेले काटापट्टीचे फोटो स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर ९० सेकंदांत जातील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

थेट 'शट डाऊन' केलंत तरी स्क्रिप्ट चालायला हवी, पण तेव्हा सगळेच एकदम आवरत असतात. पेनड्राइव्ह आधी सुटतो की नक्कल आधी होते, या क्रमावर पैज लावू नका.

म्हणून माझं मत असं, की लॉगआऊटला फक्त शेवटचा घास ठेवायचा. जेवण त्याआधीच झालेलं असावं.

जेवण म्हणजे दर १५ मिनिटांनी तीच स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून चालवणं. टर्मिनलमध्ये 'क्रॉनटॅब' आणि त्यापुढे आडवी रेघ-ई. फाईल उघडेल तिच्या तळाशी एक ओळ: तारा, तिरपी रेघ आणि १५ हे तिन्ही चिकटून, मग मोकळी जागा सोडत सोडत आणखी चार तारे, मग स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. आकडा इंग्रजी. भाच्यानं नक्कल आरसिंकनं केली असेल, आणि तसंच केलं असेल अशी माझी आशा आहे, तर दर वेळी फक्त बदललेल्या फाईली जातात. दुपारी चार वाजता सौदा चालू असताना दोन पट्ट्या जातात, सव्वाचारला तीन. संध्याकाळी लॉगआऊटच्या वेळी एखादीच उरते आणि ती दोन सेकंदांत जाते. शिवाय लाइट. लाइट गेली की लॉगआऊट होत नाही, मशीन नुसतं विझतं. तिथं सिस्टमडी, लाइटडीएम, कुणाचंच काही चालत नाही. १५ मिनिटांपूर्वीची नक्कल तेवढी पेनड्राइव्हवर असते.

स्क्रिप्टमध्ये भाच्याकडून चार गोष्टी करून घ्या. पहिली ओळ झाल्यावर लगेच 'माउंटपॉइंट' या कमांडनं पेनड्राइव्ह खरोखर जोडलेला आहे का ते बघायचं, नसेल तर तिथंच चूक म्हणून थांबायचं. माझे तीन आठवडे या एका ओळीनं वाचले असते. क्रॉनची फेरी आणि लॉगआऊटची फेरी एकाच वेळी आली तर एकमेकींच्या पायात येऊ नयेत म्हणून 'एफलॉक'. शेवटी 'सिंक', कारण कॉपी झाली असं मशीन म्हणतं तेव्हा बराचसा ऐवज अजून मेमरीत असतो, पेनड्राइव्हवर उतरलेला नसतो. आणि पेनड्राइव्ह साध्या फॅट फॉरमॅटचा असेल तर त्याचं घड्याळ दोन दोन सेकंदांच्या ढांगांनी चालतं. फाईल बदलली नसली तरी आरसिंकला वेळ वेगळी दिसते आणि ते सगळं पुन्हा कॉपी करत बसतं. आरसिंकला 'मॉडिफाय-विंडो' १ असं सांगितलं की तेवढा फरक ते सोडून देतं.

आरसिंकच्या ओळीत 'डिलीट' असा शब्द दिसला तर मात्र काढायला लावा. मूळ फोल्डरातून जे गेलं ते नकलेतूनही काढून टाक, असा त्याचा अर्थ. एखाद्या दिवशी चुकून 'एप्रिल' फोल्डर तुमच्या हातून उडाला, तर १५ मिनिटांत नकलेतलाही एप्रिल उडेल. नक्कल ठेवायची कशासाठी मग?

उरला प्रश्न तुमच्या घाईचा. तुम्हाला नक्कल आपोआप हवी आहे, पण त्याहून जास्त हवी आहे ती नक्कल झाल्याची खात्री, असं मला पत्र वाचून वाटलं. खात्री पडदा चालू असेपर्यंतच मिळू शकते. म्हणून डेस्कटॉपवर एक बटण करा, त्याला 'दिवस बंद' नाव द्या. डेस्कटॉपवर उजवी कळ दाबलीत की नवा लाँचर करायची सोय मिळते. त्याला चालवायला एक छोटी स्क्रिप्ट द्यायची: आधी नक्कल चालवा, ती नीट झाली तरच 'सिनॅमन-सेशन-क्विट' ही कमांड 'लॉगआऊट' आणि 'नो-प्रॉम्प्ट' जोडून चालवा, बिघडली तर 'झेनिटी'नं पडद्यावर मोठी खिडकी आणा: पेनड्राइव्ह लावला नाही. नक्कल आणि लॉगआऊट यांच्यामध्ये 'अँड'ची दोन चिन्हं टाकली की 'झालं तरच पुढे' हा अर्थ येतो. मग निघताना एकच बटण. लॉगिनचा पडदा आला म्हणजे नक्कल झाली. तो आला नाही म्हणजे पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये राहिलाय. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबला की काढून घ्या.

तो दुकानात ठेवू नका एवढं मी आगाऊपणे सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका मशीनच्या मागच्या बाजूला नकलेचा पेनड्राइव्ह लावलेलाच होता. दोन्हींत गाळ होता.

मग सिस्टमडीचं ते सर्व्हिसचं काम कशाला, असं म्हणाल. ज्या दिवशी बटण विसरून सवयीनं मेनूतून लॉगआऊट कराल त्या दिवसासाठी. पाच मिनिटांत होतं, राहू द्या.

सगळं बसवल्यावर सौदे नसतील त्या दिवशी एकदा ताडून बघा. पट्ट्यांच्या फोल्डरात 'चाचणी' नावाची फाईल करा. क्रॉनची फेरी मध्ये येऊ नये म्हणून घड्याळात पूर्ण तास, सव्वा, साडे, पाऊण टाळा. मेनूतून लॉगआऊट करा, पेनड्राइव्ह तसाच राहू द्या, मिनिटभर थांबून परत लॉगिन करा. पेनड्राइव्हवर 'चाचणी' आलेली असेल तर जमलं. नसेल तर टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल' ला 'यूजर' जोडा, पुढे आडवी रेघ-यू आणि नक्कल.सर्व्हिस. स्क्रिप्ट कुठे अडली ते तिथं ओळीओळीनं लिहिलेलं सापडतं. बहुतेक वेळा स्क्रिप्टला चालायची परवानगीच दिलेली नसते. हातानं चालवताना पुढे 'बॅश' लिहिलं की ती परवानगी नसली तरी चालते, म्हणून ते लक्षात येत नाही. 'सीएचमॉड'ला अधिक-एक्स सांगितलं की मिळते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे भाच्यानं स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून पाठवली असेल तर ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा अक्षर येतं आणि लिनक्स पहिल्याच ओळीला अडखळतं. मिंटच्या एडिटरमध्ये सेव्ह करताना ओळ संपवायची पद्धत लिनक्सची निवडा.

लिब्रेऑफिसमध्ये पट्टी उघडी ठेवून सेव्ह न करता बटण दाबलंत, तर नकलेत जुनीच पट्टी जाणार. ते कुठलीच स्क्रिप्ट ओळखू शकत नाही. बटण दाबण्याआधी कंट्रोल-एस.

दिरांच्या खात्याला यातलं काहीच लागू होत नाही. मुकादम प्रत्येक खात्याचा वेगळा, क्रॉनची यादी वेगळी. तेही पट्ट्या करत असतील तर सर्व्हिसची फाईल, एनेबल आणि बटण त्यांच्या खात्यातून पुन्हा करावं लागेल. स्क्रिप्टमधले पत्ते त्यांच्या नावाचे आणि पेनड्राइव्हही त्यांचा वेगळा. तुम्ही लावलेला पेनड्राइव्ह मशीन तुमच्या नावाखाली मांडतं, त्यात दिरांच्या स्क्रिप्टला शिरता येत नाही. यार्डातच मिळेल एखादा.